बिनखात्याची माणसे : वऱ्हाडातील जमीनवाटपाचा एक मागोवा

संपत्तीच्या विषमतेवर आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा शिखराकडे बोट दाखवून लिहिले जाते. भारतातील वरच्या 1 टक्का लोकांच्या हाती देशातील सुमारे 40 टक्के संपत्ती आहे, असा हिशेब थॉमस पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2024 साली मांडला. ब्रिटिश राजवटीतदेखील उत्पन्नाची दरी एवढी रुंद नव्हती, असेही त्यांचे म्हणणे आहे. हा हिशेब महत्त्वाचाच आहे, आणि अतिश्रीमंतांवर कर बसवा ही त्यांची सूचनाही रास्त आहे. परंतु मी ज्या बुलढाणा जिल्ह्यात जन्मलो, जिथे इतिहास शिकवतो, तिथे उभे राहून पाहिले की शिखरापेक्षा पायथा आधी दिसतो. पायथ्याशी तलाठ्याचे दप्तर आहे. त्या दप्तरात ज्याचे खाते आहे तो एका जगात राहतो आणि ज्याचे नाही तो दुसऱ्या. गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत या जिल्ह्यात न्यायाच्या नावाने जे जे कायदे आले, त्यांपैकी बहुतेकांनी दारात उभ्या असलेल्या माणसाला पहिला प्रश्न एकच विचारला : तुझे खाते कुठे आहे? हा प्रश्न कोणी, कधी आणि कोणाला विचारला, याचा मागोवा घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

1853 साली निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. जमिनीची व्यवस्था कशी लावायची यावर साहेबलोकांत काही काळ वाद झाला. उत्तर हिंदुस्थानच्या धर्तीवर गावमालकीची पद्धत आणावी असा एक विचार होता. तो मागे पडून 1861 च्या सुमारास मुंबई इलाख्यातील रयतवारी पद्धत स्वीकारण्यात आली. जमीन मोजली गेली, प्रत आकारली गेली, आणि जो सारा भरतो त्याच्या नावावर ती लावली गेली. त्याला ती वारसाने देता येऊ लागली, विकता येऊ लागली, गहाण टाकता येऊ लागली. मालगुजारांच्या तडाख्यात सापडलेल्या नागपूरकडच्या कुळांपेक्षा वऱ्हाडचा कुणबी सुदैवी, असे पुष्कळांनी लिहिले आहे. कुणब्यापुरते ते खरेही आहे.

पण या मोजणीत महाराचे काय झाले? गावाच्या शिवेचा खरा जाणता तोच होता. दोन गावांत हद्दीचा तंटा उठला की महाराची साक्ष निर्णायक मानली जाई, ही जुनी रीत सर्वश्रुत आहे. ज्याला शिवेचा दगडन् दगड ठाऊक, त्याला शिवेच्या आत स्वतःची म्हणावी अशी जमीन मात्र क्वचितच होती. वऱ्हाडात त्याचा हक्क मुख्यतः खळ्यावरच्या धान्याचा. ते धान्य म्हणजे कामाचा दाम नव्हे. गावाने मनात आले तर द्यायचे, रागावले तर थांबवायचे. रयतवारीने सारा भरणारा पाहिला, आणि दुसऱ्याच्या औतामागे चालणारा माणूस मोजणीच्या साखळीत सापडला नाही. पाटलाचा हक्क कागदावर आला, महाराचा तोंडी राहिला.

त्याच दशकात कापसाने या जिल्ह्याचे रूप पालटले. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. 1867 पर्यंत लोहमार्ग नागपूरला भिडला. वाटेत मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्टेशने झाली. 1870 मध्ये जलंबहून खामगावला फाटा काढण्यात आला आणि त्या समारंभाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. एका बाजारपेठेसाठी व्हाइसरॉय येतो, यावरून त्या कापसाची किंमत कळावी. ज्याच्या नावावर जमीन होती त्याला आता सावकार उभा करू लागला, कारण जमीन गहाण पडू शकत होती. कर्ज वाढले, जमिनी फिरल्या, ही कहाणी आपण पाठ्यपुस्तकांतून वाचतो. त्याच काळात गुरांचे रान आणि पडीक जमीन नांगराखाली जात होती, ज्वारीची जागा कापूस घेत होता, याकडे मात्र लक्ष जात नाही. लक्ष्मण सत्य यांनी एकोणिसाव्या शतकातील वऱ्हाडचा कापूस आणि दुष्काळ यांवरील आपल्या ग्रंथात हे नाते उलगडून दाखवले आहे. पडीक रान हाच बिनखात्याच्या माणसाचा आधार होता. शेळी, सरपण, रानभाजी, मेलेल्या ढोराचे कातडे, सगळे तिथले. 1899-1900 चा छपन्नचा दुष्काळ पडला तेव्हा ज्याच्याकडे खाते होते त्याने ते गहाण टाकून वर्ष काढण्याचा प्रयत्न केला. ज्याच्याकडे काहीच नव्हते त्याच्याजवळ गहाण टाकायला फक्त पुढच्या सालाचे श्रम होते.

श्रम गहाण पडणे म्हणजे काय, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. माझा आजा मेहकर तालुक्यातील एका गावात सालदार होता. पाडव्याला साल ठरायचे : इतकी ज्वारी, एक धोतरजोडी, पायात वहाणा, आणि लग्नकार्याला उचल. उचल फिटली नाही की पुढचे साल त्याच दारी. करार तोंडी, पण उचल मात्र वहीत. आजाचे नाव त्याच्या हयातीत कागदावर लिहिले गेले ते त्या वहीत. बा सांगतो की मालक वाईट नव्हता, दुखण्याखुपण्याला पाहायचा. मी बाशी यावर वाद घालत नाही. मालक भला होता की बुरा, यावर आजाचे पोट अवलंबून असावे, हीच त्या व्यवस्थेची रचना होती.

आमच्या जिल्ह्याचा एक मान सांगितला पाहिजे. महात्मा जोतीराव फुल्यांचे पहिले मराठी चरित्र 1927 मध्ये प्रसिद्ध झाले. ते लिहिणारे पंढरीनाथ सीताराम पाटील हे बुलढाण्याचे. सत्यशोधक विचार या मातीत चांगला रुजला होता. सावकार आणि भटजी यांनी शेतकऱ्याला कसे नागवले हे गावोगाव सांगितले गेले, ते सांगणे आवश्यकही होते. पुढे 1933 मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडात कर्ज तडजोडीचा कायदा झाला, 1939 मध्ये कर्जनिवारणाचा. पण सावकारी कर्ज हे मुळात गहाण टाकण्यासारखे काही असणाऱ्याचे कर्ज. आजाचे कर्ज सावकाराचे नव्हते, खातेदाराचेच होते. सावकाराच्या पाशातून खातेदार सुटला तरी खातेदाराच्या वहीतून सालदार सुटला असे नाही. जोतीरावांनी शूद्र आणि अतिशूद्र ही जोडी नेहमी एकत्र उच्चारली. त्यांच्यानंतरच्या शेतकरी राजकारणाने त्यातला दुसरा शब्द हळूच गाळला, असे माझे मत आहे.

स्वातंत्र्यानंतरची कथा वेगाने सांगता येते, कारण ती एकाच चालीने जाते. बुलढाणा 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता. 1951 च्या वऱ्हाड शेतजमीन पट्टे कायद्याने पट्टेदारांना संरक्षण दिले. नंतर विदर्भासाठी 1958 चा कूळकायदा आला आणि कुळे मालक होऊ लागली. कूळ म्हणजे खंड भरून कसणारा. सालदार खंड भरत नाही, मजुरी घेतो. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तेच शेत कसूनही कायद्याच्या दृष्टीने तो कसणारा ठरला नाही. 'कसेल त्याची जमीन' या घोषणेतला 'कसेल' कोण, हे ठरवणाऱ्यांनी पेरेपत्रक पाहिले, हातावरचे घट्टे पाहिले नाहीत. 1961 चा कमाल जमीनधारणेचा कायदा 26 जानेवारी 1962 पासून लागू झाला. 1975 मध्ये मर्यादा खाली आणून कोरडवाहूसाठी 54 एकर आणि बारमाही बागायतीसाठी 18 एकर करण्यात आली. तोवर अनेक वाड्यांत कागदोपत्री वाटण्या उरकल्या होत्या. वरकड ठरून वाटली गेली ती पुष्कळ ठिकाणी बरड.

या सर्व कायद्यांच्या आधी एका माणसाने हा पेच नेमका ओळखला होता. 1918 साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे एकत्र केले की प्रश्न सुटेल असे त्या वेळचे अर्थशास्त्री म्हणत. बाबासाहेबांनी विचारले की शेतावर गरजेपेक्षा जास्त माणसे आहेत आणि अवजार-भांडवल अपुरे आहे, तिथे तुकडा मोठा करून काय होणार? उद्योग वाढल्याशिवाय शेतीवरचा भार हटणार नाही. पुढे 1947 मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी घटना समितीपुढे ठेवण्यासाठी जे निवेदन तयार केले, 'राज्ये आणि अल्पसंख्याक' म्हणून आपण ज्याला ओळखतो, त्यात हा विचार पूर्णत्वाला गेला. मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे, विमा राज्याच्या हाती आणि प्रत्येक प्रौढाला सक्तीचा, शेती हा राज्याचा उद्योग. जमीन मालकांकडून, कुळांकडून, गहाणदारांकडून राज्याने घ्यायची. हिसकावून नव्हे, रोख्यांच्या रूपाने मोबदला देऊन. तिचे ठरावीक आकाराचे भाग पाडून गावातील कुटुंबांच्या गटांना जात-धर्म न पाहता कसायला द्यायचे. पाणी, जनावरे, अवजारे, खत, बियाणे राज्याने पुरवायचे. गटाने एकत्र शेती करायची, राज्याचा वाटा द्यायचा, उरलेले वाटून घ्यायचे. मग गावात जमीनदार राहणार नाही, कूळ राहणार नाही आणि भूमिहीन मजूरही राहणार नाही.

या योजनेच्या समर्थनात बाबासाहेबांनी स्पष्टच म्हटले होते की तुकडेबंदी किंवा कूळकायदा सहा कोटी अस्पृश्यांच्या कामाचा नाही, कारण ते निव्वळ भूमिहीन मजूर आहेत. वर सांगितलेले 1951 आणि 1958 चे कायदे व्हायच्या आधीच त्यांचा निकाल त्यांनी लिहून ठेवला होता. आणखी एक गोष्ट. ही रचना सामान्य कायद्याने नव्हे, राज्यघटनेनेच बांधून द्यावी असा त्यांचा आग्रह होता. आज आलेले बहुमत उद्या बदलते आणि ज्यांच्याकडे संपत्ती आहे त्यांच्याकडे कायदे बदलून घेण्याची ताकद असते, हे त्यांना ठाऊक होते. रशियातील सामुदायिक शेतीच्या अपयशाकडे बोट दाखवून ही योजना झटकून टाकणारे विद्वान मला भेटतात. तिथे बंदूक होती, पक्षाची हुकूमशाही होती. इथे प्रौढ मतदान, न्यायालय आणि मोबदला होता. त्या योजनेत त्रुटी नव्हत्या असे मी म्हणत नाही. राज्य नावाच्या नव्या मालकाला आवर कोणी घालायचा, हा प्रश्न तिच्यात पुरता सुटलेला नाही. पण ती योजना खाते विचारत नाही. गावात राहतोस का, एवढेच विचारते. आर्थिक विचाराच्या इतिहासात हे वेगळेपण मोठे आहे आणि आपल्या विद्यापीठांच्या अर्थशास्त्र विभागांनी त्याची फारशी दखल घेतलेली नाही.

घटनेत ते आले नाही. मग माणसे रस्त्यावर आली. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 मध्ये मराठवाडा-खानदेशात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला आणि 6 डिसेंबर 1964 पासून रिपब्लिकन पक्षाने तो देशभर नेला. लाखोंनी लोक तुरुंगात गेले. पडीक सरकारी जमीन भूमिहीनांना द्या आणि किमान वेतनाचा कायदा अंमलात आणा, या त्या सनदेतील मागण्या होत्या. आमच्याकडे त्या सत्याग्रहाची आठवण बायका जास्त सांगतात. लेकरे कडेवर घेऊन त्या तुरुंगात गेल्या होत्या.

1972 च्या दुष्काळात राज्याने रोजगार हमीची कामे काढली, 1977 मध्ये कायदा झाला, 1979 पासून तो अंमलात आला. वि. स. पागे यांचे हे श्रेय. सातबारा न मागणारा हा एक कायदा. अंगात बळ आणि काम मागणारे तोंड पुरे होते. 1975 पासून शहरातील नोकरदारांवर जो व्यवसाय कर बसला तो यासाठीच. तो आजही माझ्या पगारातून दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापला जातो, आणि स्टाफरूममध्ये त्यावर कुरकुर ऐकू आली की मी सहकाऱ्यांना त्याचे मूळ सांगतो. शहराचा पैसा सरळ खडी फोडणाऱ्याच्या हाती जाण्याची अशी वाट आपल्या देशात विरळा. तरीही इथेही खाते आडवे आलेच. पाझर तलाव आमच्या मायबापांनी खोदला, त्याचे पाणी खालच्या विहिरींना उतरले आणि विहिरी खातेदारांच्या होत्या. मजुरी आठवड्याची, पाणी कायमचे.

अलीकडच्या काळाबद्दल थोडक्यात. 2008 ची केंद्राची कर्जमाफी, 2017 ची राज्याची, 2019 अखेरची महात्मा जोतीराव फुल्यांच्या नावाची. 2019 पासूनचे वर्षाला 6000 रुपयांचे किसान सन्मान. शेतकऱ्याच्या आत्महत्या ज्या जिल्ह्याने पाहिल्या त्याला यांपैकी काहीच नको होते असे कोणी म्हणणार नाही, मी तर नाहीच. परंतु मक्त्याने किंवा बटईने शेत करणाऱ्याचे पीक बुडाले तर त्याला यातले काय मिळते? कापूस वेचणाऱ्या, निंदणाऱ्या बाईला काय मिळते? 2015-16 च्या कृषिगणनेप्रमाणे देशात अनुसूचित जातींकडे सुमारे 12 टक्के वहित खाती आणि 9 टक्क्यांहून कमी क्षेत्र आहे. लोकसंख्येत त्यांचा वाटा साडेसोळा टक्क्यांचा. जिथे क्षेत्रच नाही तिथे क्षेत्रावर आधारलेली मदत पोचणार कशी?

आता एका दप्तराविषयी लिहायचे आहे ज्यात आमची नावे सापडतात. वऱ्हाडात गायरानाला लोक 'ई क्लास' म्हणतात. घाटावर काय, घाटाखाली काय, गावाच्या कडेची बरड ई क्लास जमीन आमच्या लोकांनी दगड वेचून वहितीला आणली. तलाठ्याकडे गाव नमुना एक-ई असतो, अतिक्रमणाची नोंदवही. सातबारावर नाही, आठ-अ वर नाही, पण एक-ई वर आमचे नाव आहे. म्हणजे राज्याने आमची शेतकरी म्हणून पहिली लेखी ओळख दिली ती अतिक्रमण करणारे म्हणून. दर साली दंड भरायचा, पावती घ्यायची. 27 डिसेंबर 1978 आणि 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयांनी अशी अतिक्रमणे भूमिहीनांच्या, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींच्या नावे नियमित करण्याचे ठरवले. दुसऱ्या निर्णयात 14 एप्रिल 1990 ही मुदत होती. कितीएक प्रकरणे पुरावा नाही म्हणून पडली. नोंद करणारा तलाठी, पुरावा मागणारे तहसील, आणि नोंद नसल्याचा दोष मात्र कसणाऱ्याचा.

पुढे 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. त्या खटल्यात गावतळे बुजवून घरे बांधणारे होते. त्यांच्यासाठी तो निकाल योग्यच. पण त्याच निकालात अपवाद आहे : सरकारी अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा दिलेला असेल तर नियमित करता येईल. 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानावरील नोटिसा निघाल्या तेव्हा आदेशाचा पहिला भाग गावोगाव पोचला आणि अपवादाची ओळ मात्र फार थोड्यांना माहीत होती.

दुसरी वाट दादासाहेबांच्या नावाच्या सबळीकरण व स्वाभिमान योजनेची. 2004 पासून ती आहे. भूमिहीन कुटुंबाला 4 एकर कोरडवाहू किंवा 2 एकर बागायती, 2018 पासून पूर्ण अनुदानावर, विधवा आणि परित्यक्तांना प्राधान्य. हेतू चांगला. पण सरकारने जमीन विकत घ्यायची तर विकणारा हवा आणि सरकारी दर बाजाराला पुरायला हवा. विकायला निघते ती बहुधा मुरमाड.

माझे म्हणणे असे की 1947 ची योजना अख्खी येत नाही म्हणून ती कपाटात ठेवण्याचे कारण नाही. ई क्लास जमीन आजच राज्याच्या मालकीची आहे. मोबदल्याचा प्रश्न नाही. ती विकता येणार नाही, गहाण पडणार नाही, तुकडे होणार नाहीत अशा अटीवर भूमिहीन कुटुंबांच्या गटांना दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने द्यावी. पाणी, अवजारे, बियाणे राज्याने द्यावे. जमीन सार्वजनिकच राहिली म्हणजे न्यायालयाची चिंताही मिटते. चराईचे काय, असा प्रश्न येईल आणि तो खरा आहे. ई क्लासवर आमच्याच शेळ्या चरतात, धनगरांची मेंढरे चरतात. म्हणून काही भाग चराईला राखून मेंढपाळाला गटाचा सभासद करावे लागेल. नाहीतर एका भूमिहीनाने दुसऱ्या भूमिहीनाला हुसकावल्यासारखे होईल.

विरोध बाहेरून येईल तसा घरातूनही येतो. बाला हे पटत नाही. "सामाईकीत भांडनं होतात मास्तर, मले माह्या नावाचा सातबारा पायजे," असे तो म्हणतो. ज्याच्या बापाचे नाव फक्त उचलीच्या वहीत होते त्याने हे म्हणावे हे मी समजू शकतो. मी त्याला म्हणतो, दोन एकर बरडीचा सातबारा हाती आला की पहिल्या आजारपणात तो सावकाराकडे जाईल. गटाचा पट्टा जाणार नाही. तो ऐकून घेतो, मान्य करत नाही. पट्ट्यावर प्रत्येक कुटुंबातील बाईचे आणि गड्याचे नाव लिहिलेले असावे, एवढ्यावर आमचे एकमत आहे.

तोपर्यंत, ज्यांच्या घरी ई क्लासची वहिती आहे त्यांनी एक-ई च्या नोंदीची नक्कल तलाठ्याकडून लेखी अर्ज करून घ्यावी, 1990 पूर्वीच्या दंडाच्या पावत्या शोधून काढाव्यात आणि नोटीस आली तर उत्तरासोबत त्या जोडाव्यात. 1991 च्या निर्णयाखाली वहितीचा आधार म्हणून त्या दाखवता येतात. आमच्याकडे त्या मायने पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवल्या आहेत. दोन पावत्यांवरची शाई उडाली आहे, बाकीच्या वाचता येतात.